डॉक्टरबाईंची ठासणीची बंदूक

डॉक्टरबाई स्वतःच्याच घरात दार वाजवून येत. व्हिटबीतल्या त्यांच्या घराचं बेसमेंट आम्ही भाड्यानं घेतलं होतं. वॉशर, ड्रायर आणि कपडे धुवायचं मोठं सिंक आमच्या स्वयंपाकघराच्या मागे होतं, त्यामुळे त्यांना अधूनमधून खाली यावंच लागे. जिन्याच्या तळाशी थांबून त्या बोटाच्या पेरानं टकटक करत आणि विचारत, "येऊ का?" मी कितीदा सांगितलं, अहो, घर तुमचंच आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "घर माझं आहे, पण आत काय चालू आहे ते मला माहीत नाही न."

त्या भूलतज्ज्ञ होत्या. नागपूरला शिकल्या, लग्न करून कॅनडात आल्या, इथे सगळ्या परीक्षा पहिल्यापासून दिल्या आणि निवृत्त होईपर्यंत माणसांना झोपवत आणि उठवत राहिल्या. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणत, "ते व्हँकुव्हरला आहेत. सुखात आहेत. मीपण." विषय तिथेच संपे. ठेंगणी मूर्ती, बारीक कापलेले पांढरे केस, आणि खूप खिशांचं एक मळखाऊ जॅकेट. एका खिशात आल्याच्या वड्या असत, दुसऱ्यात इंजेक्शनच्या सिरिंजा. सुया नाहीत, नुसत्या सिरिंजा. कुंडीतल्या रोपाला पाणी घालायला, दाराच्या बिजागरीत तेल सोडायला, शिऱ्यात केशराचं दूध टाकायला, सगळ्याला त्या सिरिंजच वापरत.

नोकरी सुटली तरी त्यांची नजर काही सुटली नव्हती. समोरचा माणूस बोलत असला की त्या त्याच्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघत. माझ्या नवऱ्याला पहिल्या भेटीत फार अवघडल्यासारखं झालं. नंतर कळलं की त्या श्वास बघतात. एकदा मराठी मंडळाच्या गणपतीत, जेवणानंतर गाणी चालू असताना, पुढच्या रांगेतले कुणाचे तरी आजोबा खुर्चीत मान टाकून झोपले. डॉक्टरबाई उठल्या, त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर धरली. गाणी संपेपर्यंत तशाच उभ्या. आजोबांच्या सुनेनं येऊन जरा रागानंच विचारलं, तर म्हणाल्या, "माणूस झोपला की त्याची हनुवटी कोणाची तरी जबाबदारी असते. तुम्ही धरता का? मी जेवायची आहे अजून."

मी मुळातच काळजी करणारी. गॅस बंद केला का ते बघायला बस स्टॉपवरून परत येणारी. डॉक्टरबाईंनी ते पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि मला कामाला लावलं. त्यांनी वरच्या दाराची एक किल्ली माझ्या हातात ठेवली आणि सांगितलं, सकाळी माझा नळ ऐकू आला नाही तर वर ये. घाबरायचं नाही, पण यायचं. तेव्हापासून रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना माझा एक कान छताकडे असे. पाइपात पाणी खळाळलं की मी चहा पावडर टाकत असे. एखाद्या दिवशी उशीर झाला तर आधण उकळून उकळून आटत जाई आणि मी किल्ली मुठीत धरून जिन्याखाली उभी. वर गेल्यावर त्या सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या सापडत. "आज आंघोळीला सुट्टी दिली," म्हणत, आणि मग, "पण आलीस ते बरोबर केलंस."

अशा बाईला बंदुकीचा नाद असेल हे आम्हाला स्वप्नातही वाटलं नसतं. एका रविवारी मागच्या सिंकमधून सडक्या अंड्यांसारखा वास यायला लागला. मी धावत गेले तर डॉक्टरबाई हातभर लांब लोखंडी नळी गरम साबणाच्या पाण्यात धूत होत्या. मला बघून म्हणाल्या, "घाबरू नको, वेगळी करून आणली आहे. आत्ता हा नुसता पाइप आहे." ती त्यांच्या ठासणीच्या बंदुकीची नळी होती. ऑपरेशन थिएटरमधल्या एका नर्सनं त्यांना एकदा क्लबवर नेलं होतं, आणि तिथे पहिल्याच बारानंतर धूर नाकात गेला तेव्हा त्यांना दिवाळीची पहाट आठवली. परवाना काढला, बंदूक घेतली. आधुनिक बंदुकांकडे त्या ढुंकूनही बघत नसत. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार वेगळा भरावा लागतो. आधी मापानं काळी दारू ओतायची, मग चिंधीत बसवलेली गोळी गजानं नळीच्या तळापर्यंत दाबायची, मग मागच्या बाजूला ठिणगी पाडणारी केप बसवायची, आणि मग कुठे चाप ओढायचा. एका गोळीसाठी एवढा खटाटोप. "हिच्यात घाई बसतच नाही," त्या कौतुकानं म्हणत. "घाई केली का ही अडते."

व्हिटबीच्या उत्तरेला, मक्याची शेतं आणि घोड्यांचे तबेले संपले की त्यांच्या क्लबची रेंज होती. पत्र्याच्या छपराखाली लाकडी बाकं, समोर मोकळं रान, पलीकडे वाळूचा उंच बांध. बाकांच्या मागे सिमेंटवर पिवळी रेघ. एकदा त्यांच्या हट्टापायी मी बघायला गेले आणि पूर्ण वेळ त्या रेघेच्या मागे कानांवर मफ लावून उभी राहिले. तिथल्या रीतीभाती मात्र मला पटल्या. दुसऱ्याच्या बंदुकीला न विचारता हात लावायचा नाही. कुणाचा बार उडाला नाही तर त्यानं नळी समोर धरून स्वस्थ थांबायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत बसायचं नाही. सीझ फायरचा भोंगा झाला की हातातलं सगळं ठेवून रेघेमागे यायचं, मग गोळी अर्धी आत असो. आणि कुणाचा गज नळीत अडकला, तर त्यानं हात वर करून मोठ्यानं सांगायचं, सगळ्यांनी थांबायचं, आणि त्यानं विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम डॉक्टरबाईंनी भांडून करून घेतला होता. गज अडकलेला माणूस आधीच लाजलेला असतो, आणि लाजलेला माणूस घाई करतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाबा उन्हाळ्यात आले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पुण्यात ते दादा-वहिनीकडे असत, पण तिथे उदास झालेत म्हणून दादानं त्यांना माझ्याकडे पाठवलं. बाबा आयुष्यभर कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारे. इथे आल्यावर ते दिवसभर बेसमेंटच्या खिडकीशी बसत आणि बाहेरचं गवत बघत. फार बोलत नसत. बोलले तर विनोद करत. मला वाटे, आईची आठवण.

डॉक्टरबाईंशी मात्र त्यांचं जमलं. डॉक्टरबाई त्यांना भाऊ म्हणत आणि ते त्यांना नुसतं डॉक्टर. पहिल्याच दिवशी दोघांचं शिऱ्यात साखर किती यावरून वाजलं. मग एका शनिवारी त्या बाबांना रेंजवर घेऊन गेल्या. बाबा परत आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. दारूचं माप, गोळीची जाडी, चिंधीचं सूत, सगळं त्यांच्या जुन्या कामाच्या जवळचं होतं. पाहुणा म्हणून, डॉक्टरबाईंच्या शेजारी उभं राहून, त्यांनी बार भरायला आणि उडवायला सुरुवात केली. मला धास्ती वाटे, पण बाबा आनंदात आहेत म्हणून मी गप्प बसले. शनिवारी मीही बरोबर जाऊ लागले.

त्या दिवशी हवा दमट होती, डास चावत होते, आणि छपराखाली धूर कोंडला होता. बाबांनी दोन-तीन बार उडवले होते. डॉक्टरबाई वाकून डब्यातून चिंध्या काढत होत्या, तेवढ्यात सीझ फायरचा भोंगा वाजला. बाबांनी बंदूक स्टँडवर ठेवली आणि ते माझ्याजवळ रेघेमागे आले. बाकीचे टार्गेटचे कागद बदलायला रानात गेले, डॉक्टरबाईही गेल्या. परत आल्यावर रेंज ऑफिसरनं लाइन पुन्हा उघडली. शेजारच्या बाकावर एक दाढीवाला धिप्पाड माणूस असे, निवृत्त बसचालक. त्याच्या बंदुकीची केप बसत नव्हती, म्हणून त्यानं डॉक्टरबाईंना बघायला बोलावलं. त्या एक पाऊल त्याच्याकडे सरकल्या.

बाबांनी गजाच्या टोकाला चिंधी लावली आणि बार उडवल्यावर नळी पुसतात तशी पुसायला गज आत घातला. गज बराचसा खाली गेला आणि थांबला. त्यांनी ओढून पाहिला. हलेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हात मात्र वर केला नाही. मग दस्ता दोन पायांत दाबून, नळीवर वाकून, दोन्ही हातांनी गज उपसायला लागले. नळीचं तोंड त्यांच्या हनुवटीखाली होतं.

मी हाक मारली. बारांच्या आवाजात ती कुणापर्यंत पोचली नाही.

डॉक्टरबाईंनी मान वळवली. त्या ओरडल्या नाहीत की धावल्या नाहीत. चालत बाबांच्या बाजूला आल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, हात सोडा. तोंड बाजूला घ्या. हं, आता बंदूक माझ्याकडे." बंदूक समोर धरून बाकावर टेकवल्यावर त्यांनी स्वतःचा हात वर केला आणि सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं की आमचा गज अडकला आहे. लाइन थांबली. मी मफ काढले तेव्हा एकदम इतकी शांतता झाली की दूर कुठेतरी ट्रॅक्टर चालू असलेला ऐकू आला.

बाबा हसून म्हणाले, "अहो, रिकामीच आहे. आत्ताच उडवली मी."

दाढीवाल्याला मराठी येत नसलं तरी बाबांच्या खाणाखुणांवरून तेवढं समजलं. नियम विसरून तो म्हणाला, रिकामी असेल तर मागून चिमूटभर दारू सारा आणि केप लावा, गज आपोआप बाहेर उडेल, आम्ही नेहमी करतो. बाबांना ते पटलं. त्यांनी केपांच्या डबीकडे हात नेला.

डॉक्टरबाईंनी डबी उचलून खिशात टाकली. मग मला विचारलं, "तू पाहिलं उडवताना?" मी आठवून पाहिलं. सगळीकडे बार होत होते, धूर होता. कोणता बार बाबांचा, मला सांगता येईना. मी मान हलवली.

"मीपण नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. "आपल्याला माहीत नाही, म्हणजे भरलेली आहे."

बाबा चिडले. मला वेड्यात काढता का, म्हणाले. आयुष्यभर हजारो माणसांनी माझ्या शब्दावर माल पाठवला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि रागावल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या की खाली दारू असेल आणि वर असा गज अडकला असेल तर नळी फुटते, आणि तुमचं खरं असेल तर आपला फक्त वेळ जाईल. वेळ आहे आपल्याकडे.

केप जिथे बसते ती बारीक कांडी त्यांनी पान्यानं काढली. खिशातून सिरिंज काढली, बाटलीतलं पाणी ओढलं आणि त्या भोकातून हळूहळू आत सोडायला लागल्या. सलाईन लावावं तसं. एक भरून झाली की दुसरी. मग थांबल्या. पाणी मुरू द्यायचं होतं. बाकीच्यांनी थर्मास उघडले, कुणी सँडविच काढलं. आमच्याकडे कुणी बघत नव्हतं, दाढीवालासुद्धा पाठ करून बसला होता. बाबा माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांचा गुडघा सारखा हलत होता. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो काढून घेतला.

बऱ्याच वेळानं डॉक्टरबाईंनी गजाच्या टोकाला दोरी आवळली आणि तिचं दुसरं टोक छपराच्या पुढच्या खांबाला बांधलं. नळी समोरच, माणसं सगळी मागे. त्या आणि रेंज ऑफिसर, दोघांनी दोन बाजूंनी बंदूक धरून मागे ओढली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा गज थोडा सरकला, आणि मग बूच निघावं तसा आवाज करून बाहेर आला. डॉक्टरबाईंनी नळी एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या वाडग्यावर उलटी केली. पाणी आलं, आणि पाण्यामागून चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ आला. येतच राहिला. अख्ख्या बाराची दारू, भोंग्याआधी ओतलेली.

बाबा उठून जवळ गेले. त्यांनी वाडग्यात बोट बुडवलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं. जन्मभर माल तपासलेला माणूस. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

"मी उडवली होती," ते म्हणाले. पण आता ते सांगत नव्हते, विचारत होते.

डॉक्टरबाईंनी वाडग्यावर फडकं टाकलं. लाइनवरच्या लोकांना सांगितलं की निघाला, सगळ्यांचे आभार. दाढीवाल्यानं विचारलं, रिकामीच होती ना? त्या म्हणाल्या, "आता आहे."

मग त्या बाबांना घेऊन पार्किंगपलीकडच्या पिकनिक टेबलाकडे गेल्या. मी मागोमाग निघाले तर मला हातानं थांबवलं. मी गाडीला टेकून लांबून बघत राहिले. त्या बोलत होत्या, बाबा ऐकत होते. एकदा बाबांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. आई गेल्याचं हॉस्पिटलमध्ये कळलं, तेव्हा त्यांनी असंच केलं होतं.

बाबा गाडीत जाऊन बसल्यावर मी डॉक्टरबाईंना गाठलं. विचारलं, काय बोललात त्यांच्याशी? त्या म्हणाल्या की ते त्यांना विचार. मला फार राग आला. मी त्यांची मुलगी आहे, आधी मला सांगायला हवं होतं, असं मी म्हणाले.

"पेशंट ते आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तू नाही."

घरी जाताना दोन्ही बाजूंना मका होता, आणि मी आरशातून बाबांची छाती बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी बाबांनी स्वतःच सुरुवात केली. गेल्या हिवाळ्यात पुण्यात ते दूध आणायला खाली उतरले होते आणि परत आल्यावर लिफ्टमध्ये कोणतं बटण दाबायचं ते त्यांना सुचेना. वॉचमनला त्यांनी गमतीनं विचारलं, सांग बघू, मी कितव्या मजल्यावर राहतो? तो हसला आणि त्यानं सांगितलं. तेव्हापासून ते असे विनोद करून वेळ मारून नेत होते. कुठे काही सुचलं नाही तर दुसऱ्यांच्या हातांकडे बघायचं आणि तसं करायचं. डॉक्टरबाईंना म्हणे तिसऱ्याच दिवशी शंका आली होती, शिरा करताना बाबांनी साखर दुसऱ्यांदा घातली तेव्हा. पण खात्री नव्हती म्हणून त्या बोलल्या नव्हत्या, फक्त रेंजवर बाबांच्या शेजारीच राहत.

"मला वाटलं, तुझी आई गेली म्हणून होतंय," बाबा म्हणाले. "म्हटलं, होईल बरं."

डॉक्टरबाईंनी ओळखीच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. तपासण्या झाल्या. जे ऐकायची भीती होती तेच ऐकायला मिळालं, फक्त सुरुवात आहे असंही सांगितलं गेलं. दादाला बाबांनी स्वतः फोन केला आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही की माझी स्कूटर विकून टाक, मी येण्याआधी. दादा फोनवर रडला. बाबा त्याला समजावत होते.

राहिलेल्या दिवसांत मी आणि माझा नवरा फार प्रेमानं वागलो. बाबा म्हणाले आज बुधवार आहे, तर आम्ही हो म्हणायचो. बाबा म्हणाले भाजीत मीठ नाही, तर हो बाबा, चुकलंच. दादाही व्हिडिओ कॉलवर हो हो करत होता. वर डॉक्टरबाई मात्र त्यांच्याशी पूर्वीसारखंच वाजवून भांडत होत्या. बुधवार काहून, गुरुवार आहे न भाऊ. मीठ बरोबर आहे, तुमची जीभ गेली आहे. मला ते ऐकवत नसे. एकदा जिन्यात अडवून मी त्यांना म्हणाले, थोडं सांभाळून घ्या ना. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि आल्याची वडी हातावर ठेवली.

बाबांच्या परतीच्या दिवशी त्या ड्राइव्हवेवर आल्या. बॅगा गाडीत चढल्या होत्या. बाबा दार उघडता उघडता थांबले. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, पुढच्या उन्हाळ्यात आलो तर बंदूक द्याल का?"

हो बाबा, नक्की, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

"नाही भाऊ," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही. रेघेमागे खुर्ची देईन. तिथून माझ्या चुका काढा."

बाबांनी मान डोलावली, गाडीत बसले, पट्टा लावला. हायवेला लागेपर्यंत ते काचेतून बाहेर बघत होते. मला वाटलं दुखावले, आणि काहीतरी गोड बोलावं म्हणून मी शब्द शोधत होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ते हसताहेत.

"बाई मला अजून 'नाही' म्हणतात," ते म्हणाले.